स्टोनी क्रीकच्या बायकांनी बैठक कशी चालवली

प्रश्न थोडक्यात असा आहे: एकोणिसाव्या शतकात अमेरिका आणि कॅनडातल्या खेड्यांत बायकांची ‘परस्पर सुधारणा’ मंडळं होती. ती नेमकं काय करायची? त्यातून बायकांच्या हाती काही लागलं, की पाककृती आणि चहापाणी एवढ्यावरच भागलं? आणि गावातलं बंद पडलेलं महिला मंडळ पुन्हा सुरू करायचं असेल, तर त्यातून आपण काय घ्यावं?

मी महिला मंडळं आणि बचत गटांच्या प्रशिक्षणाचं काम करते. त्यामुळे या जुन्या मंडळांकडे बघताना माझं लक्ष आधी जातं ते त्यांच्या कामकाजाकडे. बैठक कुठे व्हायची, आधी काय घ्यायचे, लिहून कोण ठेवायचं. उद्दिष्टं सगळ्यांचीच चांगली असतात. मंडळ टिकणार की मोडणार हे पहिला उत्साह ओसरल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कळतं. माझं मत आधीच सांगून टाकते. या बायकांना मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे बैठक चालवण्याची सवय. पाककृती हे तिचं निमित्त होतं, आणि ते निमित्तही क्षुल्लक नव्हतं.

दोन गावांची उदाहरणं घेते. पहिलं सँडी स्प्रिंग, अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातलं, वॉशिंग्टनच्या उत्तरेला. ही क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांची वस्ती. इथल्या पुरुषांनी १८४४ मध्ये शेतकरी क्लब काढला, १८४८ मध्ये आगीच्या विम्याची परस्पर सहाय्य कंपनी काढली. १८५७ मध्ये बायकांनी आपलं परस्पर सुधारणेचं मंडळ सुरू केलं. महिन्यातून एकदा, आळीपाळीने एकेकीच्या घरी जमायचं. येताना प्रत्येकीने काहीतरी आणायचं: वाचलेला उतारा, करून बघितलेली कृती, घरातली एखादी अडचण. मनाची वाढ व्हावी, कामाचं ओझं हलकं व्हावं, घरच्यांना आणि शेजाऱ्यांना सुख लागावं, असं जे जे काही असेल ते या बैठकीत चालेल, असा हेतू त्यांनी ठेवला होता. त्यातलं ‘कामाचं ओझं हलकं व्हावं’ हे मला फार आवडतं. बायकांच्या उद्धाराची भाषा बोलणाऱ्या किती संस्थांनी आपल्या हेतूत बाईचे श्रम कमी करण्याचं कलम घातलं आहे, ते एकदा शोधून बघा.

सँडी स्प्रिंगच्या बायकांना हे जमलं त्यामागे एक कारण आहे. क्वेकर पंथात बायकांची कामकाजाची सभा पुरुषांपासून वेगळी भरायची. तिची स्वतःची चिटणीस असायची आणि इतिवृत्तही स्वतःचं. ही रीत सतराव्या शतकापासूनची. म्हणजे १८५७ मध्ये मंडळ काढणाऱ्या बायकांनी आपल्या आई-आजीला सभा चालवताना, कागदपत्रं सांभाळताना लहानपणापासून बघितलेलं होतं. पुढे १८८९ मध्ये मेरीलँडची स्त्री मताधिकार संघटना याच गावात सुरू झाली आणि गावातल्याच कॅरोलाइन हॅलोवेल मिलर तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. मला यात योगायोग वाटत नाही. ज्या गावात तीस-बत्तीस वर्षं बायका दर महिन्याला एकत्र बसून बोलत होत्या, तिथे नवी संघटना उभी करायला माणसं बाहेरून आणावी लागली नाहीत. (मेरीलँड राज्याच्या विधिमंडळाने मताधिकाराच्या घटनादुरुस्तीला मंजुरी दिली ती थेट १९४१ मध्ये. सबंध देशात ती लागू होऊन तेव्हा एकवीस वर्षं झाली होती.)

दुसरं गाव स्टोनी क्रीक, कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात, हॅमिल्टन शहराच्या शेजारी, फळबागांच्या पट्ट्यात. इथली गोष्ट मी जरा सविस्तर सांगते, कारण मंडळ जन्माला कसं येतं ते यात जवळून दिसतं.

ओंटारियोत १८८० च्या दशकापासून सरकारच्या मदतीने शेतकरी संस्था चालायच्या. हिवाळ्यात शेतीची कामं थांबली की गावोगाव त्यांच्या सभा भरायच्या. तज्ज्ञ येऊन बी-बियाणं, जनावरं, खतं यांवर बोलायचे आणि लोकांनी लिहून दिलेल्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. अर्लंड ली नावाचा तरुण शेतकरी इथल्या शाखेचा चिटणीस होता. त्याने ग्वेल्फच्या कृषी महाविद्यालयात ॲडलेड हूडलेस यांचं भाषण ऐकलं आणि त्यांना आपल्या गावी बोलावलं. हूडलेसबाई स्वतः शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या. लग्नानंतर त्या हॅमिल्टनला आल्या आणि मुलींना शाळेत गृहशास्त्र शिकवावं यासाठी झटत होत्या. त्यांचा धाकटा मुलगा १८८९ मध्ये तान्हेपणीच गेला. नासलेल्या दुधाने तो गेला आणि त्यातून बाई या कामाकडे वळल्या, असं पुढे इथे जन्मलेल्या मंडळाच्या परंपरेत नेहमी सांगतात. अभ्यासक या कार्यकारणभावाकडे साशंकतेने बघतात, म्हणून मी त्यावर भर देत नाही. त्या काळात दुधातून रोग पसरून मुलं दगावत होती, हे मात्र खरं.

१२ फेब्रुवारी १८९७ ला शेतकरी संस्थेची सभा होती आणि त्या रात्री बायकांनाही बोलावलं होतं. हूडलेसबाईंचा मुद्दा साधा होता. जनावरांना काय खाऊ घालावं यावर विचार करायला पुरुषांची संस्था आहे. मग घरातल्या माणसांच्या खाण्यापिण्यावर, आरोग्यावर विचार करायला बायकांची संस्था का नको? बायकांनी आठवड्याने पुन्हा जमायचं ठरवलं.

मधल्या आठवड्यात जे झालं ते संघटनेचं काम करणाऱ्या प्रत्येकीने लक्षात ठेवावं. अर्लंड आणि त्याची बायको जॅनेट ही दोघं घरोघर फिरली आणि तोंडी आमंत्रणं दिली. नुसती सूचना लावून ती थांबली नाहीत. १९ फेब्रुवारीला स्क्वायर्स हॉलमध्ये १०१ बायका आल्या. सभागृहात पुरुष एकच, अर्लंड ली. संस्थेची घटना लिहिली गेली ती ली कुटुंबाच्या जेवणाच्या टेबलावर. जॅनेट लग्नाआधी शिक्षिका होती, लिहिण्याचा हात तिला होता. अर्लंडला शेतकरी संस्थेची नियमावली पाठ होती. म्हणजे सँडी स्प्रिंगच्या बायकांना जी शिस्त पंथाकडून मिळाली, ती इथे शेतकरी संस्थेकडून उसनी घेतली. ते घर आज संग्रहालय म्हणून जपलेलं आहे.

त्यांच्या उद्दिष्टांत घराची रचना आणि घरातली स्वच्छता, अन्नाचं आणि जळणाचं आर्थिक व आरोग्यविषयक मोल, मुलांचं शास्त्रशुद्ध संगोपन हे विषय आहेत. जळण हा शब्द तिथे पाहून मला फार बरं वाटलं. लाकडाच्या चुलीसमोर दिवस काढलेल्या बाईनेच तो घालायला लावला असणार. अभ्यासाच्या विषयांत गृहव्यवस्था आणि आरोग्य यांच्याबरोबर शिक्षण आणि कायदे यांनाही जागा दिली होती.

आता पाककृतींच्या प्रश्नाकडे येते. तो विचारणाऱ्याचा सूर मला ओळखीचा आहे. ‘बायका जमल्या की लोणची-पापड’ असं आपल्याकडेही म्हणतात.

एकोणिसाव्या शतकातल्या उत्तर अमेरिकेतल्या शेतकरी घरात लोणी आणि अंडी ही बाईची कमाई असायची. गहू, जनावरं, लाकूड यांचा पैसा नवऱ्याच्या हातात. चहा, साखर, कापड, मुलांचे बूट हे पुष्कळदा लोण्याच्या बदल्यात दुकानातून यायचं. आता लोणी करणं म्हणजे काय ते बघा. चार-पाच वेळच्या दुधाची साय साठवायची, ती नीट आंबू द्यायची आणि मग घुसळायची. साय साधारण १५-१६ अंश सेल्सियसला असेल तर लोणी दाणेदार येतं. गरम असेल तर ते मऊ, तेलकट होतं आणि त्यात ताक अडकून राहतं. फार गार असेल तर तासन्‌तास घुसळूनही लोणी येत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात ताक करताना त्यात गार पाणी किंवा बर्फ टाकतात, त्याच्यामागेही हेच शास्त्र आहे. लोणी निघालं की गार पाण्याने धुऊन धुऊन सगळं ताक काढायचं, कारण राहिलेल्या ताकानेच ते खवट होतं. मग मीठ, मळणं, आणि शेवटी लाकडी साच्यात दाबून ठसा उमटवणं. पण दुकानदार पुष्कळदा चांगल्या-वाईट लोण्याला एकच भाव लावायचा आणि सगळं एकाच पिंपात कोंबायचा. चांगलं लोणी करणाऱ्या बाईचं त्यात नुकसान व्हायचं.

अशा घरातल्या बाईने बैठकीत येऊन ‘मी थर्मामीटर वापरायला लागले तेव्हापासून लोणी बिघडत नाही’ असं सांगितलं, तर ते कमाईचं बोलणं आहे. ‘माझं लोणी शहरातल्या गिऱ्हाइकाला थेट जातं, दुकानात देत नाही’ असं कोणी सांगितलं, तर ती बाजारपेठेची माहिती आहे. त्यात भर म्हणजे हा धंदा त्याच काळात बायकांच्या हातातून जात होता. ओंटारियोत १८६४ मध्ये नॉर्विच इथे हार्वे फॅरिंग्टनने चीजचा कारखाना काढला. पुढच्या काही दशकांत चीज आणि लोणी दोन्ही घरातून कारखान्यांत गेली. श्रम कमी झाले, हे चांगलंच झालं. पण दुधाचा पैसाही आता नवऱ्याच्या नावाने यायला लागला. या बदलात बायकांची मंडळं सगळीकडे जोर धरत होती, हे लक्षात घेतलं की ‘गृहशास्त्र’ हा विषय त्यांनी इतका मनावर का घेतला ते कळतं. ग्वेल्फच्या दुग्धशाळेतल्या शिक्षिका लॉरा रोझ गावोगाव जाऊन प्रात्यक्षिकं दाखवायच्या आणि तिथेच मंडळंही उभी करायच्या. ‘घरासाठी आणि देशासाठी’ हे या मंडळांचं ब्रीद त्यांनीच सुचवलं असं मानतात.

आता त्या सवयीबद्दल, जिला मी सगळ्यात जास्त मोल देते.

कल्पना करा, तुम्ही कधीच सभेत उभं राहून बोललेल्या नाही. चर्चमध्ये पुरुष बोलतात, पंचायतीत पुरुष बोलतात, दुकानात हिशेब नवरा करतो. अशा बाईला मंडळात सांगितलं जातं की पुढच्या महिन्यात विहिरीच्या पाण्यावर तू पाच मिनिटं वाचायचं आहेस. ती घरी जाऊन लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते. मग उभी राहून वाचते आणि समोरच्या बायका प्रश्न विचारतात. पुढच्या वर्षी तीच बाई ठराव मांडते, दुसरी अनुमोदन देते, तिसरी ते इतिवृत्तात लिहिते. खजिनदार वर्गणीचा हिशेब वाचून दाखवते आणि सगळ्यांसमोर तो मंजूर होतो. या एकेका पायरीला धीर लागतो. आजही गटाच्या बैठकीत प्रोसिडिंग वाचायला पहिल्यांदा उभी राहिलेली बाई मी बघते, तेव्हा तिचा आवाज कापत असतो आणि वही छातीशी धरलेली असते. तीन-चार महिन्यांनी तीच बाई बँकेच्या साहेबाला ‘कर्ज का नाकारलं ते लिहून द्या’ म्हणते. हा बदल भाषण ऐकून होत नाही, पाळी आल्याने होतो. ज्या मंडळात दोघी-तिघीच बोलतात आणि बाकीच्या ऐकतात, त्या मंडळाने निम्मं काम केलेलंच नाही असं मी म्हणेन.

ओंटारियोच्या मंडळांनी पुढे गावातल्या शाळांत गरम जेवण, मुलांची वैद्यकीय तपासणी, दुधाचं पाश्चरीकरण या मागण्या लावून धरल्या. पाश्चरीकरण तिथे १९३८ मध्ये सक्तीचं झालं. कॅनडातल्या कामात तयार झालेल्या मॅज वॉट यांनी हाच नमुना ब्रिटनला नेला आणि तिथलं पहिलं मंडळ १९१५ मध्ये वेल्समधल्या एका गावात सुरू झालं. पुढचा पसारा मोठा आहे, पण तो विसाव्या शतकातला, म्हणून इथे थांबते.

या मंडळांच्या मर्यादा लपवण्यात अर्थ नाही. सँडी स्प्रिंगच्या आसपास मुक्त कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती होती. त्या बायका या मंडळात नव्हत्या. स्टोनी क्रीकच्या सभेला आलेल्या बहुतेक स्वतःची जमीन असलेल्या घरांतल्या होत्या. घरकामाला ठेवलेली मुलगी बैठकीच्या दिवशी स्वयंपाकघरातच राहिली असणार. स्वतः हूडलेसबाईंचा स्त्री मताधिकाराला पाठिंबा नव्हता. बाईचं क्षेत्र घर, आणि तिला त्याचं शास्त्र आलं पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. मला ती पटत नाही. पण एक सांगायला हवं: संस्थापिकेचं मत काहीही असो, सभा चालवायला शिकलेल्या बायकांनी पुढे काय करायचं ते तिच्या हातात उरत नाही. ओंटारियोत बायकांना प्रांतिक मताधिकार १९१७ मध्ये मिळाला आणि त्यानंतरच्या पिढीत कायद्यांवर बोलणाऱ्या अनेकजणी याच मंडळांत घडल्या होत्या.

आपल्याशी याचा एक धागा थेट जुळतो. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि दोन वर्षांहून जास्त काळ अमेरिकेत फिरल्या. तिथल्या बायकांच्या संस्था कशा चालतात हे त्यांनी बारकाईने पाहिलं, आणि १८८९ मध्ये मराठीत लिहिलेल्या अमेरिकेवरच्या पुस्तकात त्याचं मनापासून कौतुक केलं. त्यांच्या कामासाठी डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनमध्ये असोसिएशन स्थापन झाली आणि तिच्याखाली जागोजागी ‘रमाबाई सर्कल’ उभी राहिली. सभासदाने वर्षाला निदान एक डॉलर, दहा वर्षं द्यायचा, असा वायदा होता. मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा उघडली ती या पैशावर. दूरच्या गावांतल्या बायकांच्या वर्गणीच्या वह्या, त्यांच्या चिटणीस, त्यांच्या ठरलेल्या बैठका हे सगळं आधीपासून अंगवळणी पडलेलं नसतं, तर हा पैसा वर्षानुवर्षं आला नसता.

राहिला शेवटचा प्रश्न, आपण काय घ्यावं.

बैठकीचा दिवस ठरवा आणि कुणाच्याही सोयीसाठी तो हलवू नका. एकदा हलला की पुढच्या वेळी निम्म्या बायका येत नाहीत. पहिल्या बैठकीचं आमंत्रण मोबाईलवर टाकून भागवू नका, घरी जा. सासूशी बोला, नवऱ्याशी बोला, चहा घ्या. ली नवरा-बायकोने हेच केलं.

आळीपाळीने घरी जमण्याची रीत मात्र आपल्या गावात डोळे झाकून उचलू नका. सँडी स्प्रिंगला सगळ्या एका पंथाच्या, साधारण एका ऐपतीच्या होत्या. आपल्याकडे कोण कुणाच्या उंबऱ्याच्या आत जातं, कोण कुणाच्या हातचं पाणी पितं, हे अजून पुष्कळ गावांत ठरलेलं आहे. सगळ्याजणी सगळ्यांच्या घरी मोकळेपणाने जात असतील तरच घर निवडा. नाहीतर शाळा, अंगणवाडी, समाजमंदिर बरं, आणि पाण्याचा माठ एकच ठेवा. एखादीच्या घरी पाळी आली की त्या महिन्याला हजेरी घटते, असं दिसलं तर ते इतिवृत्तातली हजेरी बघून उघड बोला. हे टाळलेली मंडळं आतून पोखरत जातात.

प्रत्येकीने काहीतरी आणावं हा नियम जसाच्या तसा घ्या. लिहिता न येणारीने तोंडी सांगावं, पण सांगावंच. विषय तिच्या कामातला असू द्या: कांद्याची साठवण, शेळीचा आजार, रेशन दुकानातलं वजन, सातबाऱ्यावर नाव कसं लावायचं. एक प्रश्नपेटी ठेवा, म्हणजे तोंडाने विचारता येत नाही ते चिठ्ठीवर येईल. दारू आणि मारहाणीचे प्रश्न पहिल्यांदा चिठ्ठीवरच येतात.

पक्ष आणि धर्म बैठकीत आणायचे नाहीत, असा नियम ओंटारियोच्या मंडळांनी पाळला. पक्ष नकोत हे मला मान्य आहे, निवडणुकीच्या वर्षी तर नक्कीच. पण त्या नावाखाली कायद्याची चर्चा बंद करू नका. स्टोनी क्रीकच्या बायकांनीही कायदे हा विषय आपल्या यादीत ठेवला होता. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. पुष्कळ गावांत ती सभा कागदावरच होते. मंडळाने आपल्या बैठकीत विषय ठरवून, कोण बोलणार ते ठरवून तिथे जावं.

आणि वहीत नावं नीट लिहा. स्टोनी क्रीकच्या पहिल्या अध्यक्षा कागदोपत्री ‘मिसेस ई. डी. स्मिथ’ आहेत. ई. डी. हे नवऱ्याच्या नावातलं. त्यांचं स्वतःचं नाव क्रिस्टिना होतं, ते शोधून काढावं लागतं. आपल्या रजिस्टरांतही कितीतरी ठिकाणी नुसतं ‘सौ. पाटील’, ‘सौ. जाधव’ असतं, आणि एका गावात पाटील पंधरा असतात. ठराव मांडणारीचं आणि अनुमोदन देणारीचं पूर्ण नाव, तिच्या स्वतःच्या नावापासून सुरुवात करून लिहा. मग सही किंवा अंगठा घ्या आणि प्रोसिडिंग पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचून मंजूर करून घ्या. बँकेत आणि ग्रामसेवकाच्या टेबलावर हेच रजिस्टर उघडून दाखवावं लागतं.